आगीनगाडी आमच्याकडे आलीच नव्हती

दरवर्षी एप्रिल महिना आला की 16 तारखेच्या आसपास तो मेसेज फिरायला लागतो. 1853 साल, बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. इथपर्यंत सगळं ठीक, तो दिवस होताच तसा. पण मेसेजच्या शेवटी हमखास एक वाक्य चिकटवलेलं असतं, की काही म्हणा पण इंग्रजांनी रेल्वे आणली म्हणून हा देश एक झाला, नाहीतर आपण सगळे वेगवेगळेच राहिलो असतो. यावेळी तो आमच्या गावच्या ग्रुपवर आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मला राहवलं नाही, कारण हा ग्रुप राजापूर तालुक्यातल्या लोकांचा आहे आणि इंग्रज गेले तेव्हा राजापूरच काय, पेणपासून सावंतवाडीपर्यंत आमच्या किनारपट्टीवर रुळाचा एक तुकडासुद्धा नव्हता.

मग आपण या देशात आलो कसे? हे मी ग्रुपवर विचारलं. एक-दोघांनी उत्तरं दिली पण तिथे एवढं लिहिता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं असं आहे की रेल्वे कशासाठी होती हे समजून घ्यायचं तर ती कुठे गेली याच्या बरोबरीने ती कुठे गेली नाही हे पण बघायला पाहिजे, आणि त्यासाठी कोकणाइतकी चांगली जागा नाही. मुंबईपासून रूळ निघाले ते दोन घाट चढून वर गेले. एक थळघाट, इगतपुरीवरून पुढे खानदेश, वऱ्हाड, नागपूर आणि दुसरीकडे जबलपूर. दुसरा बोरघाट, पुणे, सोलापूर करत रायचूरला. वऱ्हाड-खानदेशात काय होतं? कापूस. तेव्हाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी, त्याने 1853 मध्ये रेल्वेवर जो मोठा अहवाल लिहिला त्यात त्याने काही लपवून ठेवलेलं नाही. फौज पटापट हलवता येईल हा एक फायदा आणि इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस बंदरापर्यंत आणता येईल, तिकडचा माल इकडे खपवता येईल हा दुसरा. लोक एकमेकांना भेटतील, देश जोडला जाईल असला विचार त्या हिशोबात मध्यभागी नव्हता. 1857 नंतर तर फौजेचा मुद्दा आणखीनच वर आला, लाहोरचं स्टेशन किल्ल्यासारखं बांधलंय ते उगाच नाही.

आणि पैसा कोणाचा? ती पहिली गाडी चालवणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे कंपनीशी 1849 मध्ये करार झाला त्यात भागधारकांना 5 टक्के व्याजाची सरकारी गॅरंटी होती. जमीन फुकट, आणि कंपनीला तेवढा नफा झाला नाही तर उरलेले पैसे सरकार भरणार, म्हणजे इथल्या रयतेच्या सारापट्टीतून. भागधारक बहुतेक लंडनचे. अशी गॅरंटी असल्यावर काटकसर कोण करतंय, खर्च वाढतच गेला. दादाभाई नौरोजींनी जो संपत्तीच्या गळतीचा हिशोब मांडला त्यात हे रेल्वेचं व्याज पण आहे. नाना शंकरशेट, जमशेटजी जीजीभॉय या आपल्या लोकांनी रेल्वे यावी म्हणून सुरुवातीपासून जीव ओतून प्रयत्न केले हेही खरं आणि त्याबद्दल मला आदरच आहे, पण धोरण त्यांच्या हातात नव्हतं.

आता याच हिशोबाने कोकणाकडे बघा. कापूस पिकत नाही, कोळसा नाही, भात पिकतो तो स्वतःलाच पुरत नाही. जमीन सगळी डोंगर आणि खाड्या, दर दोन-चार मैलांवर पूल नाहीतर बोगदा. माल न्यायचाच तर समुद्र आहेच. मग कशाला कोण रूळ टाकतंय. उलट मला वाटतं (हे माझं मत आहे, कुठल्या कागदात वाचलेलं नाही) की रत्नागिरी अशी तुटक असणं सरकारला सोयीचंच होतं. ब्रह्मदेशचा राजा थिबा, त्याचं राज्य घेतल्यावर त्याला 1886 मध्ये आणून ठेवला कुठे तर रत्नागिरीत, आणि तो 1916 मध्ये इथेच गेला. सावरकरांना 1924 पासून 1937 पर्यंत स्थानबद्ध ठेवलं ते पण रत्नागिरीतच. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना 1908 मध्ये पाठवलं कुठे, तर त्या थिबाच्या राजधानीत, मंडालेला! शाळेत हे सगळं सुटं सुटं शिकवलं होतं, एकत्र मांडून बघितल्यावर मी कितीतरी वेळ विचार करत बसलो होतो.

आमची रेल्वे म्हणजे आगबोट. बाणकोट, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट पणजीकडे जायची. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागायचीच नाही, बाहेर समुद्रात उभी राहायची आणि मग पडावात, म्हणजे छोट्या होडीत बसून तिथपर्यंत जायचं, आणि लाटेवर पडाव वरखाली होत असताना शिडीला हात घालायचा, बायकांच्या कडेवर पोरं, डोक्यावर बोचकी. माझी आजी सांगायची की मुंबईला जायला भीती वाटायची नाही, त्या पडावातून बोटीत चढायचीच वाटायची. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे मृग लागल्यापासून ते नारळी पौर्णिमा होऊन समुद्र शांत होईपर्यंत मुंबईला गेलेला माणूस तिकडे आणि घरचे इकडे, मध्ये फक्त पोस्टमन. नाहीतर मग कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली यातला कुठलातरी घाट चढायचा आणि देशावर, म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडे जायचं.

यावरून महर्षी कर्व्यांची गोष्ट आठवते. दापोलीजवळच्या मुरुडचा हा मुलगा, परीक्षेला जायचं तर समुद्र खवळलेला म्हणून बोट मिळेना, मग पावसापाण्यात कुंभार्ली घाटाने सोबत्यांबरोबर सातारा गाठलं, शंभर मैलांच्या वर चाल, आणि तिथे साहेबाने बघितलं आणि हा वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. परत चालत घरी. मी जेव्हा जेव्हा त्या घाटातून एसटीने जातो तेव्हा हे डोक्यात येतं आणि गलबलतं. आणि याच माणसाने पुढे विधवांच्या शिक्षणासाठी आणि नंतर महिला विद्यापीठासाठी देशभर फिरून एकेक रुपया गोळा केला, आणि तेव्हा तो गाडीनेच फिरला. मला इथे रेल्वेचं खरं काम दिसतं. ज्याला घराबाहेर पडायची ओढ घाटातल्या पायवाटेनेच लागली होती त्याच्या हातात गाडीचं तिकीट आलं आणि मग त्याने त्याचं काय केलं हे बघा.

गिरणगावाची गोष्ट पण तशीच. वऱ्हाडातून कापूस यायचा तो गाडीने, आणि तो कातायला-विणायला माणूस यायचा तो रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीने. मुंबईच्या गिरण्यांना सगळ्यात जास्त माणूस कोणी पुरवला असेल तर आमच्या जिल्ह्याने. माझा आजा त्यातलाच, लालबागला गावकीच्या खोलीत राहायचा, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, वळकटी आणि ट्रंक एवढाच संसार, आणि महिन्याला गावाला मनीऑर्डर. तिथे त्याला घाटी भेटला, उत्तरेकडचा भैया भेटला, तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर भेटला, ते सगळे गाडीने आलेले. बोटीने आलेला आणि गाडीने आलेला एका साच्यावर उभे राहिले, एका चाळीत पाण्यासाठी भांडले, एका गणपतीत नाचले. देश एक झाला म्हणजे नक्की कुठे झाला असं कोणी मला विचारलं तर मी डलहौसीच्या टेबलावरचा नकाशा न दाखवता परळ-लालबागची चाळ दाखवेन.

1908 मध्ये जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांना त्याच रात्री स्पेशल गाडीने साबरमतीला नेलं, लोकांना कळायच्या आत, म्हणजे रेल्वे सरकारच्या कशी कामाला यायची ते इथे दिसतं. पण दुसऱ्या बाजूला मुंबईतले गिरणी कामगार सहा दिवस बाहेर पडले, शिक्षेच्या एकेका वर्षाला एकेक दिवस. रस्त्यावर गोळ्या चालल्या, माणसं मेली. त्या कामगारांमध्ये आमच्याकडचे किती असतील, त्यातल्या कितीकांनी तोपर्यंत बोरीबंदरचं स्टेशन बाहेरून फक्त बघितलं असेल.

पण रेल्वेचं देणं मी नाकारत नाहीये, ते नीट लिहायलाच हवं. 1885 ची काँग्रेसची पहिली बैठक आधी पुण्यात ठरली होती, तिथे कॉलरा आला म्हणून आयत्यावेळी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात घेतली. 72 प्रतिनिधी, कलकत्ता, मद्रास, लाहोर, कुठून कुठून आले. कलकत्ता-मुंबई रूळ जोडून तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, 1870 ला जोडले गेले. ते नसते तर डिसेंबरच्या सुट्टीत वकील-संपादक मंडळी गोळा होऊन परत कामावर जाणं शक्यच नव्हतं. केसरी पुण्यात छापला जायचा आणि टपालाच्या गाडीने गावोगाव पोचायचा. 1916 ला लखनौचं अधिवेशन, तिथे टिळक गेले ते गाडीनेच. हे सगळं खरं. फक्त हे करायला ज्याने गाडी आणली तो निघाला नव्हता, ज्याने तिकीट काढलं तो निघाला होता.

या बाबतीत दोन माणसांचं मला फार पटतं आणि दोघांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे. एक गोपाळ कृष्ण गोखले, आमच्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे. ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बजेटवर बोलायला उभे राहायचे आणि आकडे घेऊन सांगायचे की रेल्वेवर एवढा पैसा ओतताय आणि शिक्षण, आरोग्य, पाणी यासाठी हात आखडता घेताय. ज्या गावात शाळा नीट नाही, दवाखाना नाही अशा गावातून आलेला माणूस होता तो, त्याला कळत होतं. दुसरे गांधीजी. त्यांनी 1909 मध्ये हिंद स्वराज्यमध्ये रेल्वेवर कडक टीका केली आहे, रोगराई पसरते, धान्य बाहेर जातं आणि दुष्काळ वाढतात. आणि इंग्रजांनी आम्हाला एक राष्ट्र केलं हे तर त्यांनी साफ नाकारलं. आम्ही आधीच एक होतो, आमची माणसं पायी आणि बैलगाडीने देशभर फिरत होती, रामेश्वर, जगन्नाथपुरी, हरिद्वार ही ठिकाणं कोपऱ्याकोपऱ्यात का ठेवली असतील याचा विचार करा, असं त्यांचं म्हणणं. धान्याबद्दल ते म्हणाले त्याला 1876 ते 78 चा दुष्काळ साक्षीला आहे, दख्खनात आणि मद्रासकडे माणसं मरत होती आणि त्याच काळात देशातून धान्य बंदरातून बाहेर जात होतं.

गांधीजींचं सगळंच मला मान्य नाही. आमच्याकडची वारीला, काशीला जाणारी माणसं होती हे खरं, पण ती थोडी होती आणि त्यात बाया, दलित, गरीब यांना वाट तेवढी मोकळी नव्हती. पण बघा, आफ्रिकेतून परत आल्यावर गोखल्यांनी त्यांना सांगितलं की वर्षभर काही बोलू नका, आधी देश बघा. आणि गांधीजींनी देश बघितला तो तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून. ज्या गाडीवर टीका केली तिच्याच सगळ्यात घाणेरड्या डब्यात बसून लोकांची हालत समजून घेतली आणि मग तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिलं पण. कोतळूकच्या माणसाने सांगितलं आणि पोरबंदरच्या माणसाने ऐकलं. मला हे फार मोठं वाटतं.

तिसऱ्या वर्गाचं निघालंच आहे तर एक गोष्ट वगळून पुढे जाणं बरोबर नाही. गाडीत सगळे एकत्र बसायचे त्यामुळे जातपात कमी झाली असं पण सरसकट म्हणतात. बाबासाहेब आंबेडकर, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. 1901 मध्ये लहान असताना ते भाऊ आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातल्याच गोरेगावला निघाले, नवे कपडे घालून, मजेत, आणि मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना निरोप मिळाला नव्हता म्हणून घ्यायला कोणी आलं नाही. स्टेशनमास्तर आधी चांगलं बोलला, पोरं चांगल्या घरातली दिसत होती, आणि जात कळल्यावर त्याचा चेहराच बदलला. बैलगाडीवाला दुप्पट पैसे देऊनसुद्धा बसवून घेईना, शेवटी एकजण तयार झाला तो या अटीवर की पोरांनी गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्रभर ती पोरं तहानलेली होती, पाणी कोणी देईना. रेल्वेने त्यांना इतरांसारखंच तिकीट दिलं, इतरांसारखंच आणून सोडलं, आणि फलाटावर पाय ठेवल्याबरोबर देश परत होता तसाच. स्टेशनवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं ओरडलं जायचं तेही याच रेल्वेत. रूळ जोडले म्हणून माणसं आपोआप जोडली जात नाहीत, त्यासाठी कोणीतरी उभं राहावं लागतं.

आणि ते उभं राहणं झालं कुठे तर महाडला, जिथे रेल्वे नव्हतीच. मार्च 1927, चवदार तळं. डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून निघाले ते बोटीने, दासगावला उतरले, तिथून पायी महाड. बाकीची माणसं खेड्यापाड्यातून चालत आलेली, भाकरी बांधून. समतेवरचं एवढं मोठं काम बिनरेल्वेच्या कोकणात झालं हे मला त्या फॉरवर्डवाल्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

वेळेबद्दल पण थोडंसं. सगळ्या देशाची घड्याळं रेल्वेने एक केली हेही सांगतात. पण मुंबईची स्वतःची वेळ होती, 1906 पासून लागू झालेल्या प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे, आणि लोकांनी ती सहजासहजी सोडली नाही. फिरोजशहा मेहतांसारखी माणसं या सक्तीच्या विरोधात होती आणि पालिकेची घड्याळं तर स्वातंत्र्यानंतर, 1955 पर्यंत मुंबईच्या वेळेवर चालत होती. वरून लादलेली एकी लोकांना टोचत होती, देशासाठी तुरुंगात जायला मात्र तेच लोक तयार होते.

1947 बद्दल लिहिताना हात अडखळतो. 17 जुलैला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, आमच्याकडे अजून म्हातारी माणसं त्याबद्दल बोलतात. आणि त्यानंतर महिन्याभरात पंजाबात त्या गाड्या, ज्या स्टेशनात शिरायच्या तेव्हा आत जिवंत माणूस उरलेला नसायचा. दोन देशांनी इंजिनं-डबेसुद्धा वाटून घेतले. रेल्वे राष्ट्र बनवते असं जो छातीठोक सांगतो त्याने या गाड्यांबद्दल पण बोललं पाहिजे.

मग आमच्याकडे रूळ आले ते कधी? स्वातंत्र्यानंतर, आणि तेही सहज नाही. बॅरिस्टर नाथ पै आमच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार, त्यांनी संसदेत हा विषय लावून धरला, त्यांच्यानंतर याच मतदारसंघातून मधु दंडवते. दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमची गादी घालायला सुरुवात केली, आज आपण स्लीपरला पाठ टेकतो ती त्यांच्यामुळे. तिसरा वर्ग नाव 1974 मध्येच गेलं होतं पण पाठीला लागणारं लाकूड गेलं ते या माणसामुळे, आणि त्यासाठी कुठल्या भागधारकाला 5 टक्क्यांची गॅरंटी द्यावी लागली नाही. पुढे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, 1990 मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं, ई. श्रीधरन प्रमुख. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या चार राज्यांनी भाग घेतले, बाकी पैसा रोख्यांतून उभा केला. नव्वदच्या वर बोगदे, करबुड्याचा एकटा साडेसहा किलोमीटरचा, दोन हजारांच्या आसपास पूल. ज्या डोंगर-खाड्यांमुळे शंभर वर्षं आमच्याकडे कोणी बघितलं नाही त्याच डोंगर-खाड्यांतून. 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्ग सुरू झाला.

बोरघाट बांधताना कॉलऱ्याने, तापाने, सुरुंगाने हजारो मजूर मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, ते कंत्राट हातात घेऊन काम पुढे नेलं, तिचं नाव इतिहासात आहे आणि असायलाच हवं, पण त्या मजुरांपैकी एकाचंही नाव आपल्याला तोंडावर येत नाही. कोकण रेल्वेच्या कामात पण माणसं गेली. त्यांच्यासाठी रत्नागिरी स्टेशनजवळ श्रमशक्तीचं स्मारक उभं आहे. गावाला उतरलात तर दोन मिनिटं तिथे जाऊन या, मुलांना दाखवा.

आणि अजून काम संपलेलं नाही. कोल्हापूरला 1891 मध्ये रूळ पोचले. तिथून कोकण रेल्वेवरचं वैभववाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर, मध्ये फक्त सह्याद्री. एवढी वर्षं झाली, सर्व्हे झाले, बजेटमध्ये नाव आलं, पण घाट उतरून गाडी अजून खाली आली नाही. कर्व्यांच्या वेळेला कोकणातून देशावर जायला घाट चढावा लागायचा, आज पण रत्नागिरीहून कोल्हापूरला जायला आंबा घाटातल्या त्याच वळणांवरून एसटीनेच जायचं आणि पावसाळ्यात दरड कोसळली की तासन्‌तास अडकायचं. ग्रुपवर पुढच्या वेळी 16 एप्रिलचा मेसेज टाकाल तेव्हा त्याच्याखाली या मार्गाची मागणी पण टाका, आणि आपल्या खासदाराला टॅग करा.